गरम सुई जोडीला घ्या, गोळी सोडू नका

डीआयपीतल्या मराठी मंडळींनो, सकाळी उठल्यावर तुमच्या हाताची मूठ वळत नसेल, मनगटं सुजत असतील आणि डॉक्टरांनी ‘आमवात आहे’ असं सांगितलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. घरात किंवा खोलीत असं दुसरं कोणी असेल, तर त्यांना वाचून दाखवा.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, म्हणजे आपलं डीआयपी, ही हातांवर चालणारी वसाहत आहे. १९९७ साली सुरू झालेल्या आणि सुमारे २,३०० हेक्टरांवर पसरलेल्या या भागात एकीकडे कारखाने, गोदामं आणि कामगारांचे कॅम्प आहेत, तर दुसरीकडे ग्रीन कम्युनिटीची घरं आणि रिताजच्या इमारती. आपली माणसं दोन्हीकडे आहेत. कोणी लेथवर, कोणी पॅकिंगला, कोणी स्टोअर्समध्ये, कोणी हिशेबाच्या खुर्चीत, कोणी शाळेत शिकवायला, तर कोणी घरून डबे करून द्यायला. बोटं आखडली तर यातलं एकही काम धड होत नाही. आणि काम थांबलं की भाडं, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळंच अडतं. त्यामुळे इथे आमवात झालेला माणूस झटपट गुण देईल अशा कुठल्याही उपायाकडे ओढला जातो. त्यात त्याचा दोष नाही.

अशा उपायांत हल्ली गरम सुईच्या ॲक्युपंक्चरचं नाव कानावर येतं. ‘सूज उतरते म्हणतात, करू का?’ हा प्रश्न बसस्टॉपवर विचारला जातो आणि भिशीतही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गरम सुईने दुखणं आणि आखडलेपणा कमी होऊ शकतो, थोडीफार सूजही उतरू शकते. पण सांध्यांची हाडं वाचवण्याचं काम आजच्या घडीला औषधंच करतात. म्हणून सुई घ्यायची तर औषधाच्या जोडीला घ्या, परवाना असलेल्या माणसाकडून घ्या आणि मुदत ठरवून घ्या. पुढचं सगळं याचाच खुलासा आहे.

आधी आजार कोणता, ते कळू द्या

सांधे दुखले की आपण सरसकट ‘वात आला’ म्हणतो. पण गुडघे झिजणं वेगळं आणि आमवात वेगळा. झिजेत चालून-चढून दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. आमवातात उलटं होतं. रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी हात लाकडासारखे असतात, तासभर तरी मोकळे होत नाहीत आणि कामाला लागल्यावर हळूहळू सैल पडतात. बोटांची मधली पेरं, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आणि मनगटं, बहुतेक वेळा दोन्ही हातांची एकदम सुजतात. कुकरचं झाकण लागत नाही, शर्टाचं बटण सुटत नाही, पान्याची पकड सुटते. जोडीला थकवा असतो, कधी बारीक तापही.

हा आजार झिजेचा नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते अस्तर फुगतं आणि शेजारचं कूर्चा-हाड कुरतडू लागतं. शंभरात जेमतेम एखाद्याला तो होतो. पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पटींनी जास्त दिसतो. पुष्कळदा ऐन कामाच्या वयात सुरू होतो. रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासतात, सूज मोजायला ईएसआर आणि सीआरपी पाहतात, हातापायांचे एक्स-रे काढतात. यासाठी हाडाच्या डॉक्टरपेक्षा संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट गाठा. डीआयपीतच एनएमसी रॉयलसारखं रुग्णालय आहे. तिथे किंवा तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये असलेल्या इतर ठिकाणी हे तज्ज्ञ कधी बसतात, ते फोन करून विचारा.

घाई करायची ती इथे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत नीट औषध सुरू झालं, तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. एकदा कुरतडलेलं हाड कुठल्याही सुईने भरून येत नाही, गोळीनेही नाही.

गरम सुई म्हणजे नेमकं काय करतात

या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. कोणती करणार आहेत, ते आधी विचारून घ्या.

पहिल्या प्रकारात सुई तापवून टोचत नाहीत, टोचल्यानंतर तिला ऊब देतात. सुई केसापेक्षा थोडी जाड, पोलादी, पाकिटातून ताजी काढलेली असते. मनगटाजवळ, गुडघ्याखाली, घोट्यापाशी अशा ठरलेल्या बिंदूंवर ती टोचून तशीच ठेवतात. मग तिच्या वरच्या मुठीवर बोराएवढा भुऱ्या कापसासारखा गोळा अडकवतात. त्याला मोक्सा म्हणतात. जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीची पानं वाळवून, कुटून तो केलेला असतो. राख अंगावर पडू नये म्हणून सुईभोवती पुठ्ठ्याचा तुकडा ठेवतात आणि गोळा पेटवतात. ज्योत दिसत नाही, तो नुसता धुमसतो. कडवट वासाचा धूर खोलीभर होतो आणि ऊब धातूतून खाली उतरत कातडीपर्यंत, तिच्या खालपर्यंत पोहोचते. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपतं. नीट केलं तर भाजत नाही, सुखद वाटतं.

दुसरा प्रकार अग्निसुईचा. यात जरा जाड सुई स्पिरिटच्या दिव्यावर लालबुंद होईपर्यंत धरतात आणि पापणी लवायच्या आत टोचून बाहेर काढतात. मागे लाल ठिपका राहतो, त्यावर खपली धरते आणि तिला खाज सुटते. एक-दोन दिवस ती जागा कोरडी ठेवावी लागते. आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग महिनोन्‌महिने राहू शकतो. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

सूज उतरत असेल तर कशी?

आमवाताच्या सांध्यात काही रासायनिक निरोपे सतत ‘पेटवा, पेटवा’ असं सांगत असतात. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ हे त्यांतले म्होरके. महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं यांनाच अडवतात. ॲडॅलिम्युमॅब टीएनएफला धरतं, टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ ची वाट बंद करतं. कृत्रिम संधिवात दिलेल्या उंदरांवर चीनमधल्या प्रयोगशाळांत सुई आणि मोक्साचे प्रयोग झाले आहेत. उपचारानंतर पंजाची सूज कमी झाली आणि हे निरोपेही घटले, असं त्यांत दिसलं.

सुई बोटापासून दूर टोचली तरी परिणाम सांध्यात कसा व्हावा, याचा एक धागा २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. हार्वर्डमधल्या च्युफू मा यांच्या गटाने उंदराच्या मागच्या पायात, गुडघ्याखालच्या एका बिंदूवर विजेची सौम्य सुई लावली. तिथल्या विशिष्ट मज्जातंतूंनी मेंदूला खबर दिली, मेंदूकडून व्हेगस नावाच्या लांबलचक नसेतून ॲड्रिनल ग्रंथीला इशारा गेला आणि शरीरभरचा दाह उतरला. तेच पोटावरच्या बिंदूवर केलं तर तसं झालं नाही, कारण ते विशिष्ट तंतू तिथे नव्हते. म्हणजे सुई कुठे टोचली, याला अर्थ आहे. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने उंदरांतच दाखवलं होतं की, सुई फिरवली की तिच्या आसपास ॲडिनोसिन नावाचं द्रव्य सुटतं आणि तिथलं दुखणं दबतं. उबेने रक्तप्रवाह वाढतो, स्नायू सैल पडतात, हे तर गरम पाण्याची पिशवी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एवढं ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. ‘नेचर’मधली सुई विजेची होती, गरम नव्हती, आणि दाह आमवाताचा नव्हता. पिंजऱ्यातल्या उंदराला मुद्दाम दिलेला आजार आठवड्यांचा असतो. तुमचा आजार वर्षांचा आहे.

माणसांवरचा पुरावा

माणसांवर झालेल्या गरम सुईच्या चाचण्या बहुतेक चीनमधल्या आहेत आणि लहान आहेत. त्यांची मांडणी साधारण सारखीच असते. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेटसारखं आमवात रोखणारं औषध देतात आणि एका गटाला वरून सुई. ज्यांना सुईही मिळाली त्यांचं दुखणं, आखडलेपणा, ईएसआर आणि सीआरपी अधिक उतरलं, असा निष्कर्ष पुष्कळ ठिकाणी येतो. गोम अशी की, आपल्याला गरम सुई मिळाली की नाही, हे रुग्णापासून लपवता येत नाही. ऊब लागते, धूर दिसतो, कोणीतरी वीस मिनिटं आपल्याकडे लक्ष देतं. त्यानेही बरं वाटतं. शिवाय या चाचण्या काही आठवडे चालतात. एक्स-रेवर हाड वाचलं का, हे पाहायला वर्षं लागतात.

साध्या सुईबद्दल कॉक्रेन या संस्थेने २००५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे दोनच अभ्यास सापडले. दोन्ही मिळून ८४ रुग्ण होते. साध्या सुईने दुखणं, ईएसआर, सीआरपी यांत फरक दिसला नाही. विजेच्या सुईने गुडघ्याला काही काळ आराम पडल्यासारखं दिसलं. गरम सुई त्या आढाव्यात नव्हतीच. पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं केली. त्यांत ॲक्युपंक्चर आणि शेक या दोन्हींना सशर्त मान्यता आहे. तीही आजार रोखणाऱ्या औषधांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही. ठाम शिफारस त्यांनी एकाच गोष्टीची केली, ती म्हणजे नियमित व्यायाम. तो फुकट आहे, हे आपण विसरतो.

आता एक गोष्ट बारकाईने बघा, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. मेथोट्रेक्सेटला गुण दाखवायला सहा ते बारा आठवडे लागतात. माणूस दोन आठवडे गोळी घेतो, फरक पडत नाही, मळमळ मात्र होते. मग कोणीतरी सुई सुचवतं. तो गोळीसोबतच सुई सुरू करतो. सहाव्या-सातव्या आठवड्याला बोटं मोकळी होतात. खरं काम गोळीने केलेलं असतं, पण नाव सुईचं होतं. कारण सुई डोळ्यांसमोर पेटलेली असते आणि गोळी आठवड्यातून एकदा गुपचूप पोटात गेलेली असते. पुढचं पाऊल ठरलेलं. ‘सुईनेच बरं वाटतंय, मग ही जहाल गोळी कशाला?’ तीन-चार महिन्यांनी आजार परत डोकं वर काढतो. औषध सोडून नुसतं दुखणं दाबत राहणं म्हणजे चूल पेटती ठेवून धूर खिडकीबाहेर हाकलणं.

हे सगळं आपल्याला परकं नाही

‘चिनी विद्या, आपल्याला काय ठाऊक,’ असं म्हणायचं कारण नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले, त्या पाच डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसूही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परत आले, १९५८-५९ मध्ये पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही सुई रुजली ती कोटणिसांच्या या सोबत्याच्या हातून. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चरला कायद्याची चौकट दिली.

तापलेल्या शलाकेने दुखऱ्या जागी चटका देण्याचं अग्निकर्म तर सुश्रुतसंहितेत आहे, सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात. पुण्या-मुंबईचे वैद्य आजही ते करतात. सुश्रुतांनी ते कोणाला करू नये, याचीही यादी दिली आहे. पित्तप्रकृतीचे, दुर्बळ, बालक, वृद्ध, भित्रे, अंगावर अनेक जखमा असलेले, आणि ऋतूंत शरद व ग्रीष्म वर्ज्य. विद्या जुनी असली तरी तिचे जाणकार सावध होते. गावाकडे विळा तापवून डागणं किंवा बिब्बा घालणं, या प्रकाराशी तिची गल्लत करू नका. तो प्रकार कोणीही, कशासाठीही करू नये.

कोणी घेऊ नये, कधी घेऊ नये

आमवाताची औषधं प्रतिकारशक्ती थोडी खाली आणतात. त्यामुळे कातडीला पाडलेलं छोटं छिद्रही आपल्यासाठी छोटं नसतं. खालीलपैकी काही लागू असेल, तर आधी संधिवाततज्ज्ञांना विचारा. ते नको म्हणाले, तर विषय तिथेच संपवा.

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत. मधुमेह आहे आणि तळपायाला बधिरपणा आहे. ऊब कळली नाही तर भाजेल आणि ती जखम भरणार नाही. बायोलॉजिक इंजेक्शन किंवा स्टेरॉइड चालू आहे, किंवा पांढऱ्या पेशी कमी आल्या आहेत. गरोदर आहात. सांध्यावर शस्त्रक्रिया करून कृत्रिम भाग बसवलेला आहे. जखम झाली की जाड वण उठतो. दमा असेल तर मोक्साच्या धुराने धाप लागू शकते.

सांधा लाल, कढत आणि टरारून सुजलेला असेल, तेव्हा त्यावर आणखी उष्णता नको. आणि इतर सांधे ठीक असताना एकच सांधा अचानक सुजला, जोडीला थंडी-ताप आला, तर सुईवाल्याकडे नको, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. सांध्यात पू झालेला असू शकतो. रुग्णवाहिकेचा नंबर ९९८ आहे.

आणखी एक. सलूनमध्ये केस कापल्यावर मान ‘कडकन्’ मोडून घ्यायची सवय पुष्कळांना आहे. आमवातात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. तो झटका जिवावर बेतू शकतो. मान कोणाच्याही हातात देऊ नका.

दुबईत कोणाकडे जायचं

दुबईत ॲक्युपंक्चर बेकायदा नाही. चिनी वैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी या पद्धतींच्या व्यावसायिकांना दुबई हेल्थ ऑथॉरिटी, म्हणजे डीएचए, परवाना देते. परवाना दोघांकडे हवा, माणसाकडेही आणि क्लिनिककडेही. डीएचएच्या संकेतस्थळावर नाव टाकून तो पाहता येतो. शंका असेल तर ८००३४२ वर फोन करा. कोणी घरी येऊन, कॅम्पच्या खोलीत किंवा मसाज सेंटरच्या मागच्या दालनात ‘पन्नास दिरहमात’ सुया टोचून देतो म्हणाला, तर नको म्हणा. स्वस्त पडलेली सुई दुसऱ्याच्या अंगातून आलेली असू शकते, आणि हिपॅटायटिस बी असाच पसरतो.

आत गेल्यावर संकोच न करता चार गोष्टी करा. सुईचं बंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. आपल्या औषधांची यादी दाखवा. ती न पाहताच सुरुवात करणाऱ्याकडून उठून या. कोणता प्रकार करणार आणि डाग राहील का, ते विचारा. आणि ‘आधी तुमच्या सगळ्या गोळ्या बंद करा, मगच माझी सुई लागू पडेल’ असं जो म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

पैशांचं आधीच बघा. २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने दुबईत मालकाने कामगाराचा आरोग्यविमा काढणं सक्तीचं आहे आणि त्याचा हप्ता पगारातून कापता येत नाही. पण कमी पगाराच्या लोकांसाठी जो मूळ ‘एसेन्शियल बेनिफिट्स प्लॅन’ आहे, त्यात पर्यायी उपचार बसत नाहीत. मोठ्या प्लॅनमध्ये कधी असतात, कधी नसतात. एचआरला विचारा, कार्डाच्या मागच्या नंबरवर विचारा, अप्रूव्हल हातात येऊ द्या, मग जा. खिशातून पैसे भरायचे असतील, तर आधी रक्ततपासण्या आणि गोळ्यांचे पैसे बाजूला काढा. उरले तर सुई.

आजार लपवण्याची गरज नाही. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत क्षयरोग, एचआयव्ही यांसारखे संसर्ग बघतात. आमवात त्या यादीत नाही. नोकरी जाईल या भीतीने सहा महिने पेनकिलरवर काढणारे पुष्कळ आहेत, आणि तेच सहा महिने मोलाचे असतात.

सुट्टीत गावी जाताना

शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की निम्मं डीआयपी भारतात असतं. ‘सुट्टीत सुईचा कोर्स करून येतो,’ असं ठरवणार असाल तर जरूर करा, पण तिथेही नोंदणी विचारा आणि इथली गोळी चालू ठेवा. सुट्टीच्या महिन्याची औषधं आणि रक्ततपासणीची तारीख आधीच लावून घ्या.

परत येताना बॅगेत काय आहे, ते बघा. ‘सांधेदुखीची पुडी’, लेबल नसलेल्या गोळ्या, जादूचा काढा यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणूनच तिसऱ्या दिवशी माणूस नाचायला लागतो. महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो. ट्रॅमॅडॉल, कोडीन असलेल्या पेनकिलर यूएईत नियंत्रित आहेत. ऑनलाइन पूर्वपरवानगी आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांशिवाय त्या आणल्या, तर विमानतळावरच अडचण होईल. शेजाऱ्यासाठी म्हणूनही आणू नका.

गोळीचे नियम आणि सुईचा हिशेब

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. एक वार ठरवा, समजा शनिवार, आणि कॅलेंडरवर खूण करा. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी त्यांनी सांगितलेल्या दिवशी घ्या. ठरलेल्या मुदतीने रक्त, यकृत आणि मूत्रपिंड तपासून घ्या. दारू टाळा, सिगारेट सोडा. सिगारेटने आजारही बळावतो आणि औषधही कमी लागू पडतं. मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांशी बोला, कारण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी चुकवू नका, कारण भारतात वाढलेल्या पुष्कळांच्या शरीरात तो झोपलेला असतो.

सुई घ्यायची ठरली, तर ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर थांबू नका, लिहून ठेवा. मोबाइलमध्ये रोज तीन ओळी पुरतात. सकाळी मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागली, किती सांधे सुजलेले आहेत, पेनकिलर किती घेतल्या. सुरुवातीला आणि दीड-दोन महिन्यांनी सीआरपी करून घ्या. या मुदतीत आजाराच्या गोळ्यांचा डोस बदलला असेल तर तेही लिहा, नाहीतर श्रेय कोणाचं, हे कळणार नाही. मुदत संपली की वही डॉक्टरांसमोर ठेवा. आकडे हलले असतील आणि खिसा परवानगी देत असेल, तर पुढे चालू ठेवा. नसतील, तर बंद करा आणि वाईट वाटून घेऊ नका.

सुई परवडत नसेल, तरी उबेचा फायदा घरी मिळतो. सकाळी दहा मिनिटं सोसवेल इतक्या कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडा-मिटा. इथे उन्हाळ्यात नळालाच कढत पाणी येतं, तेव्हा आधी कोपर लावून बघा. रात्रभर एसीचा झोत थेट हातांवर घेऊ नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अर्धा तास चाला.

बाकीच्यांनाही एक विनंती आहे. तुम्ही सुपरवायझर असाल, तर आमवात असलेल्या माणसाला सकाळचा पहिला तास बारीक हातकामाचा देऊ नका. दहा वाजता तोच माणूस दुप्पट काम करील. खोलीतला सोबती असाल, तर त्याच्याबरोबर एकदा रुग्णालयात जा. पुष्कळांचं इंग्रजी अडतं आणि अर्धं सांगायचं राहून जातं. नवरा असाल, तर बायकोचं ‘काही नाही, होईल ठीक’ खरं मानू नका. कणीक कोण मळतंय आणि कशी मळतंय, ते दोन दिवस बघा.

आणि ज्याचे हात दुखतात त्याने या आठवड्यात एवढंच करायचं. संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्यायची, सगळ्या औषधांची यादी एका कागदावर लिहायची, आणि समोर बसल्यावर सरळ विचारायचं, ‘डॉक्टर, मला गरम सुई घ्यायची आहे. माझ्या औषधांबरोबर चालेल का?’ चांगला डॉक्टर हसणार नाही, ओरडणारही नाही. तो ‘हो’ म्हणेल किंवा ‘तुम्हाला नको’ म्हणेल आणि कारण सांगेल. जे उत्तर मिळेल ते ऐका. काहीही झालं तरी गोळीचा वार चुकवू नका.